चिखलातली पंगत

आज मी तुम्हांला चिखलाचा इतिहास सांगणार आहे. हसू नका. राजांचा इतिहास असतो, देवळांचा असतो, तसा चिखलाचाही असतो. आणि तो न कळल्यामुळे माझ्या माहेरच्या बचत गटाचे पैसे कसे पाण्यात गेले, तेही सांगते.

मोरगावकडची आपली जमीन बहुतेक कोरडवाहू. कऱ्हेला पाणी असलं तर असलं. माझं माहेर मात्र नीरेच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यात, खाली बारामती-इंदापूरच्या अंगाला. तिथे भावाच्या शेतात खोलगट बाजूला दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा आहे. उन्हाळ्यात त्यावर मीठ फुटतं, पावसाळ्यात चिखल सुकत नाही, ऊस पिवळा पडतो. दोन वर्षांपूर्वी एक विक्रेता आला. म्हणाला, या बाटलीत जिवाणू आहेत, पाण्यातून सोडा, जमीन जिवंत होईल. वहिनीच्या गटानं ठरवलं, आधी या तुकड्यावर करून बघू, जमलं तर बाकीच्यांच्या शेतातही करू. गटाच्या पैशातून बाटल्या घेतल्या. वर्ष गेलं, तुकडा होता तसाच. उन्हाळ्यात मी माहेरी गेले तेव्हा आम्ही कुदळीनं हातभर खड्डा घेतला. खालून काळा चिखल निघाला, सडक्या अंड्यासारखा वास आला आणि बघता बघता खड्ड्यात पाणी भरलं. वहिनी म्हणाली, "मेली बघा ही जमीन."

तो वास माझ्या ओळखीचा होता. त्याच वर्षी आमच्या गटाची सहल वेंगुर्ल्याला गेली होती. तिथे मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवून लोकांना कांदळवन दाखवतात. २०१७ सालापासून त्यांचा हा व्यवसाय आहे. ओहोटीला होडी काठाला लागली आणि हाच वास आला. चिखलही असाच काळा. पण तिथे तर हिरवंगार रान उभं होतं! खेकडे पळत होते, बगळे टिपत होते, तिवरांच्या मुळ्या पेन्सिलीसारख्या चिखलातून वर आल्या होत्या. वास एकच असताना एका ठिकाणी जमीन मेली असं आपण म्हणतो आणि दुसऱ्या ठिकाणी जंगल वाढतं, असं का? ते शोधताना मी जे वाचलं, तेच आज सांगते.

आधी कांदळवन म्हणजे काय ते बघू. समुद्राचं खारं पाणी खाडीतून आत येतं, दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. नदीचा गाळ तिथे बसतो. त्या खाऱ्या गाळात वाढणारी झाडं म्हणजे तिवर, चिपी, कांदळ, मारांडी. राज्यात असं वन ३२४ चौरस किलोमीटर असल्याचं २०२१ च्या वन अहवालात नोंदलं आहे. कोकणातल्या लोकांना त्याचं सरपण, गुरांना चारा, खाडीतले मासे आणि खेकडे मिळत आले. पण सरकारी दप्तरात आणि शहरातल्या माणसाच्या नजरेत ती जागा बराच काळ पडीक, दलदलीची, डासांची. बांध घालायचा, भरती अडवायची आणि जागा कोरडी करायची, हीच सुधारणा समजली जाई. मुंबईची सात बेटं जोडताना खाड्या बुजवल्या. कोकणात भातासाठी खारबंदिस्ती झाली. त्यासाठी १९४८ साली कायदा आला, १९७९ साली नवा आला. लोकांना भात हवा होता, त्यात त्यांची चूक नव्हती. चिखलात कोण राहतं, हे मात्र कुणी विचारलं नव्हतं.

हा प्रश्न विचारणारी माणसं दूर देशात होती. हॉलंडमध्ये डेल्फ्ट नावाचं गाव आहे. तिथे लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होता. स्वतः घासलेल्या भिंगातून १६७६ साली त्यानं पाण्याच्या थेंबात इतके बारीक जीव पाहिले की लोकांचा विश्वास बसेना. त्यांतलेच काही म्हणजे आजचे जिवाणू. पुढे दोनशे वर्षांनी, १८८७ च्या सुमारास, विनोग्रॅडस्की नावाच्या रशियन संशोधकानं गंधकावर जगणारे जिवाणू ओळखले. आपण भाकरी खातो तेव्हा अंगात ताकद येते, तशी त्यांना त्या सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूपासून ताकद मिळते. मग १८९५ साली त्याच डेल्फ्ट गावात बायरिंक या शास्त्रज्ञानं उलट काम करणारे जिवाणू वेगळे काढले. हे जिवाणू तो वायू तयार करतात. त्यांना हवा चालत नाही. म्हणजे आपल्या खड्ड्यातला वास हा मरणाचा नव्हताच. तिथे कुणीतरी जगत होतं, श्वास घेत होतं, त्याचा तो वास.

श्वास म्हटलं की आपल्याला प्राणवायू आठवतो. चिखलात काय होतं, हे पंगतीवरून समजून घेऊ. गावजेवणात पहिली पंगत बसते, ती उठली की दुसरी, मग तिसरी. वाढप्याच्या हातात जे उरलं असेल त्यावर पुढच्या पंगतीचं भागतं. चिखलात पडलेला पालापाचोळा हे जेवण. वरच्या पातळ थरात हवा असते, तिथे हवेवर जगणारे जिवाणू बसतात आणि प्राणवायू संपवतात. त्याखाली हवा पोचत नाही. तिथे नायट्रेट, म्हणजे नत्राचं एक रूप, वापरून श्वास घेणारे बसतात. नायट्रेट संपलं की मँगनीज आणि लोह वापरणारे. लाल माती चिखलात राखाडी होते ती यांच्यामुळे. त्यानंतर सल्फेटवाले, म्हणजे बायरिंकनं शोधलेले. समुद्राच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून कांदळवनात यांची पंगत फार मोठी. त्यांचा वायू लोहाशी मिळाला की चिखल काळा पडतो. सगळ्यात शेवटी, खोल तळाला, मिथेन वायू करणारे.

हे शेवटचे जीव आपल्या ओळखीचे आहेत. गोबरगॅसच्या टाकीत तेच काम करतात. मुंबईत माटुंग्याच्या महारोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्यापासून गॅस करून तो वापरात आणला होता. काम दिसत होतं, पण करणारा कोण हे पुरतं कळलं नव्हतं. १९७७ साली अमेरिकेतल्या कार्ल वूझ यांनी दाखवलं की मिथेन करणारे हे जीव दिसायला जिवाणूंसारखे असले तरी त्यांचं कूळ वेगळं आहे, इतकं वेगळं की जीवसृष्टीची एक निराळी शाखाच मानावी लागते. आपण रोज चहा ठेवतो तो कुणाच्या जोरावर, ते बघा! एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. गोबरगॅसच्या किंवा मैल्याच्या टाकीत कुणालाही उतरू देऊ नका. तिथे श्वास घ्यायला हवा नसते, आणि तो सडक्या अंड्याचा वायू जास्त झाला की नाकाला त्याचा वास येणंच बंद होतं. माणूस जागच्या जागी पडतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. गोव्याला दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. मांडवी नदीत चोडण आणि दिवाडी ही बेटं आहेत, तिथे फेरीबोटीनं जातात आणि काठाला दाट कांदळवन आहे. (ही गोव्याची मांडवी नदी. वेंगुर्ल्याची मांडवी खाडी वेगळी.) गोव्याच्या या चिखलातल्या जिवाणूंवर १९८१ साली मातोंडकर, महतानी आणि मावीनकुर्वे यांचा अभ्यास छापला गेला. १९९१ साली लोकभारती, ओक आणि चंद्रमोहन यांनी कांदळवनातल्या सल्फेटवाल्या जिवाणूंवर लिहिलं. चिखल आणायचा, काचेच्या बशीत खाद्य घालायचं आणि कोण उगवतं ते मोजायचं, अशी तेव्हाची रीत होती.

या रीतीला एक अडचण होती. समजा, मिसळीचं बियाणं आहे. त्यात ज्वारी, बाजरी, हरभरा, भात, नाचणी सगळं आहे. ते तुम्ही एकाच वाफ्यात, एकाच पाण्यावर पेरलं, तर जे त्या मातीत येतं तेवढंच उगवेल. बाकीचं नव्हतंच असं म्हणता येईल का? जिवाणूंचं तसंच. बशीत शंभरात एखादाच उगवतो. म्हणून पुढे शास्त्रज्ञांनी उगवण्याची वाट बघणं सोडून चिखलातून थेट जनुकं काढून वाचायला सुरुवात केली. वूझ यांनी दाखवलेल्याच वाटेनं हे काम पुढे गेलं. तेव्हा कळलं की मूठभर चिखलात हजारो जातींचे जिवाणू नांदतात. आणि ते सगळीकडे सारखे नसतात. तिवराच्या मुळीतून थोडी हवा चिखलात झिरपते, म्हणून मुळीभोवती एक वस्ती. खेकड्याच्या बिळाच्या कडेला दुसरी. चार बोटं खाली गेलं की तिसरी.

याच कामातली एक गोष्ट मला शेतकरी बाई म्हणून फार आवडली. शेरिल फर्नांडिस, लोकभारती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात दिवाडी आणि तुये इथल्या कांदळवनातल्या चिखलात नत्राचं काय होतं ते पाहिलं. तो अभ्यास २०१२ साली छापला गेला. हवा नसलेल्या चिखलात नायट्रेटच्या दोन वाटा असतात. एका वाटेनं त्याचा वायू होतो आणि तो हवेत उडून जातो. दुसऱ्या वाटेनं त्याचा अमोनिया होतो आणि तो चिखलातच राहतो, झाडाच्या कामी येतो. त्यांना आढळलं की या कांदळवनात दुसरी वाट मोठी आहे. नत्र तिथे मुळात कमी, म्हणून जिवाणू ते जपून ठेवतात. कुणी युरिया टाकत नाही, तरी रान हिरवं राहतं, त्यामागे घरातल्या बाईसारखी ही काटकसर आहे.

मग माझ्या भावाच्या तुकड्यात ही काटकसर का नाही? त्यासाठी आपल्या खोऱ्याचा इतिहास बघावा लागतो.

नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. वर भाटघरचं धरण १८९२ साली पुरं झालं. दुष्काळी मुलखात बारमाही पाणी आलं, ऊस आला. पण काळ्या, खोल जमिनीत पाणी मुरतं आणि बाहेर पडायला वाट नसली की तिथेच साठतं. पाण्याची पातळी वर वर येते. खालच्या थरातले क्षार पाण्याबरोबर वर चढतात, ऊन लागलं की पाणी उडतं आणि मीठ वर राहतं. कालवा येऊन पंचवीस वर्षंही झाली नव्हती, तोवर हे दुखणं इतकं वाढलं की पुण्याच्या शेतकी कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर एक पुस्तिकाच लिहिली. ती १९१० साली मुंबई इलाख्याच्या शेती खात्यानं छापली. म्हणजे आपलं दुखणं शंभर वर्षांहून जुनं आहे. वहिनीच्या नशिबाचा किंवा भावाच्या आळसाचा तो प्रश्न नाही.

आता दोन चिखल शेजारी ठेवा. कांदळवनात पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं. जाताना साचलेलं मीठ आणि घाण थोडी घेऊन जातं. खेकडे बिळं करून माती उलथतात. तिवर मुळ्या वर काढून हवा आत नेतात. तिथली झाडं आणि जिवाणू हजारो वर्षं एकमेकांबरोबर राहत आले आहेत. आमच्या तुकड्यात पाणी येतं आणि बसतं. ऊस काही मुळ्या वर काढत नाही, तो गुदमरतो. त्यात आपण युरिया टाकतो. जमीन मधूनच थोडी सुकते तेव्हा त्याचं नायट्रेट होतं, पुन्हा पाणी भरलं की त्याचा वायू होऊन उडून जातो. पैसा हवेत!

म्हणजे जिवाणू तिथेही होतेच. वरच्या पंगतीतले उठून गेले होते आणि खालच्या पंगतीतले बसले होते. हवा नव्हती म्हणून. अशा ठिकाणी बाटलीतले हवेवर जगणारे जिवाणू सोडले तर ते किती दिवस टिकतील? ज्या घरात हवा नाही, पाण्याला वाट नाही, तिथे पाहुणे आणून बसवल्यासारखं झालं. बाटली खरी होती की खोटी, हे मला सांगता येणार नाही. पण घर तयार नव्हतं एवढं मी नक्की सांगते.

घर तयार करायचं म्हणजे आधी पाण्याला वाट. चर काढायचे आणि ते ओढ्यापर्यंत न्यायचे. एकट्याचं शेत असून भागत नाही, खालच्या शेतकऱ्याचीही संमती लागते. इथे गटाचा उपयोग होतो. मग माती तपासायची, कारण नुसती खारवट जमीन आणि चोपण जमीन यांचा उपाय वेगळा. खारवट जमिनीला निचरा आणि गोड पाण्यानं धुणं पुरतं. चोपण जमिनीत सोडियम चिकटून बसलेला असतो, तिला तपासणीनुसार जिप्सम लागतं. ताग किंवा धैंचा फुलावर यायच्या आधी गाडला तर पंगतीला जेवण मिळतं.

आपल्याकडच्या चुनखडीच्या चोपण जमिनीत गंधकही वापरतात, आणि तिथे पुन्हा हेच जीव मदतीला येतात. १९२२ साली अमेरिकेत वॅक्समन आणि जॉफी यांनी गंधकापासून आम्ल तयार करणारा जिवाणू नोंदवला. हे आम्ल मातीतली चुनखडी विरघळवतं, तिच्यातून सुटलेला चुना सोडियमला हुसकून लावतो. विनोग्रॅडस्कीनं पाहिलेल्या गंधकवाल्यांचंच हे भावकीतलं घर. याच वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत पुढे १९४३ साली मातीतल्या एका जिवाणूपासून क्षयरोगाचं स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. पण हा गंधकाचा जिवाणूसुद्धा हवेवर जगणारा. चिखल तुंबलेला असेल तर तोही काम करत नाही. फिरून फिरून गोष्ट निचऱ्यावर येते. आपल्या माळेगावला २००९ सालापासून शेतीवरच्या अशाच ताणांचा, म्हणजे दुष्काळ, क्षार, उष्णता यांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बारामतीला कृषी विज्ञान केंद्र आहे. बाटली घेण्याआधी तिथे माती घेऊन जायला काय हरकत आहे?

आपल्या उलट कोकणात काय झालं तेही ऐका. घर मोडलं की तिथला उपकारी जिवाणूही वैरी होतो. कांदळवनाला बांध घालून चिखल कोरडा केला की त्यात हवा शिरते. मग तेच गंधकवाले साठलेल्या काळ्या गंधकाचं आम्ल करतात आणि जमीन आंबट होते. केरळात कुट्टनाडच्या काही भातजमिनींना हे दुखणं जडलेलं आहे. म्हणजे आमच्या तुकड्याला हवा देणं हा उपाय, आणि खाडीच्या चिखलाला हवा देणं हा घात. शिवाय तिथे पालापाचोळा सावकाश कुजतो, म्हणून शेकडो वर्षांचा कर्ब चिखलात साठून असतो. चिखल उघडा पडला की तोही धूर झाल्यासारखा हवेत जातो.

हे हळूहळू लोकांच्या आणि सरकारच्या लक्षात आलं. २६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली. खाड्या आणि कांदळवनं बुजवल्याची चर्चा घरोघरी झाली. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयानं राज्यात कांदळवन तोडायला बंदी केली आणि २०१८ साली अंतिम निकालात ती कायम केली. २०१२ साली राज्याच्या वन खात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष आला. २०२० साली पांढरी चिपी हे राज्याचं कांदळवृक्ष म्हणून जाहीर झालं. ज्या चिखलाला पडीक म्हणत होते, त्याच्यावर आज वेंगुर्ल्याच्या बायकांच्या घरात पैसा येतो.

तुम्ही म्हणाल, खाडी आपल्यापासून लांब. पण कऱ्हा मोरगावावरून जाते, खाली नीरेला मिळते. नीरा नरसिंहपूरला भीमेत जाते, भीमा कृष्णेत, आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. तिच्या मुखाशीही कांदळवन आहे. वाटेत धरणं पुष्कळ, गाळ अडतो. तरी आपल्या कऱ्हेच्या पाण्याचा शेवट अशाच काळ्या चिखलात होतो. आपण नदीत जे सोडतो ते कुणाच्या तरी पंगतीत जाऊन पडतं.

शेवटी गटासाठी एक काम देते. विनोग्रॅडस्कीनंच ते शिकवलं आहे आणि त्याला खर्च नाही. प्लॅस्टिकची मोठी पारदर्शक बाटली घ्या. ओढ्याचा काळा गाळ, त्यात फाडलेला वर्तमानपत्राचा कागद आणि चमचाभर जिप्सम कालवून बाटली पाऊण भरा, वर ओढ्याचंच पाणी घाला. झाकण सैल ठेवा, कारण आत वायू होतो. खिडकीत उजेडाला ठेवा आणि हलवू नका. महिना-दोन महिन्यांत थर पडतील. कुठे काळा, कुठे हिरवा, कुठे जांभळट, कुठे तांबूस. प्रत्येक रंग म्हणजे एक पंगत. लेकरांनाही दाखवा.

वहिनीच्या गटानं यंदा बाटल्या घेतल्या नाहीत. खालच्या दोन शेतकऱ्यांशी बोलून चर ओढ्यापर्यंत नेला आहे. पहिल्या पावसात चरातून पाणी वाहिलं, तेव्हा तिनं मला फोन करून सांगितलं. ऊस कसा येतो ते अजून बघायचं आहे. पण आता ती त्या तुकड्याला मेलेला म्हणत नाही. खड्डा घेते, वास घेते आणि सांगते, कुणाची पंगत बसली आहे ते.